तात्या येईपर्यंत

उज्ज्वला मगदूमच्या शिट्टीपुढे एकदा आमदाराचंही काही चाललं नव्हतं. पलूसच्या मैदानावर त्यांच्या भाच्याला तिने बाद दिला, तेव्हा ते व्यासपीठावरून उठून थेट रेषेपाशी आले. "मॅडम, जरा नीट बघून द्या की," म्हणाले. "बघूनच दिलाय साहेब," ही म्हणाली. "तुम्ही फेटा बांधून घेत होता, तेव्हा मी रेषेकडंच बघत होते."

शाळेत ती खेळाची शिक्षिका आणि बाहेर जिल्ह्याची कबड्डी पंच. आता मोठ्या सामन्यांत रेषांवर कॅमेरे आले होते आणि बाद की नाबाद हे यंत्रच सांगून मोकळं व्हायचं. पण गावोगावच्या जत्रांना अजून उज्ज्वलाच लागायची. यंत्राशी भांडता येत नाही, आणि भांडल्याशिवाय आपल्याकडे सामना झाल्यासारखा वाटत नाही.

तिचं लग्नही भांडणातूनच जमलं होतं. तीसेक वर्षांपूर्वी एका अंतिम सामन्यात प्रमोद मगदूम शेवटची चढाई करून परतत होता, आणि बाजूच्या रेषेवर ही नवखी पंच उभी होती. तिने हात वर केला. पाय रेषेबाहेर, गडी बाद, चषक गेला. त्या संध्याकाळी प्रमोद तिला जाब विचारायला एसटी स्टँडवर आला. वाद तिथे संपला नाही म्हणून पुढच्या आठवड्यात शाळेत आला. मग घरी आला, आईवडिलांना घेऊन आला. तेव्हापासून दर दोन-चार दिवसांनी त्यांच्या घरात "माझा पाय आतच होता" आणि "बाहेर होता" हे व्हायचंच. लेक क्षितिजा लहानपणी ह्या भांडणावरच जेवायची म्हणे.

पंचावन्नाव्या वर्षी उज्ज्वलाच्या शौचातून रक्त जाऊ लागलं. मूळव्याध असेल म्हणून तिने बरेच महिने इसबगोलावर काढले. शेवटी प्रमोदने भांडून, ओढून, माळावरच्या नव्या कर्करोग रुग्णालयात नेलं. तिथे दुर्बीण घालून आतडं तपासलं. अर्ध्या गुंगीत उज्ज्वला पडद्यावर बघत होती. मोठ्या आतड्यात गाठ होती. डॉक्टरांनी चिमट्याने तिचे तिळाएवढे दोन-तीन तुकडे काढले आणि लगेच औषधाच्या बाटलीत टाकले. तुकडे तळाशी बसलेले तिला नीट आठवत होते. पंचाची नजर गुंगीतही रेषेवर असते.

पुढे शस्त्रक्रिया झाली, तासगावच्या रथोत्सवाच्या दिवशी. डॉ. शिरगुप्पे म्हणजे जुन्या पिढीतला शल्यविशारद, यंत्राच्या हातांपेक्षा स्वतःच्या हातांवर भरवसा ठेवणारा. गाठ मुळासकट निघाली, यकृत स्वच्छ होतं, सगळं छान झालं. आता दोन महिन्यांच्या आत औषधं सुरू केली की उरलेसुरले कण मरतील, असं शिरगुप्प्यांनी सांगितलं. फक्त पत्रिका यायची राहिली होती.

पत्रिका हे लोकांनी ठेवलेलं नाव. यंत्राचं खरं नाव प्रथिनपट. ते काय करतं, हे सांगायला हवं.

आपल्या पेशींतली जनुकं म्हणजे पाककृती, आणि त्यावरून तयार होतात ती प्रथिनं. पाककृती वाचून आज ताटात काय पडलंय ते कळत नाही. तसंच गाठीचं आहे. जनुकं तिचं कूळ सांगतात, पण आत्ता ती काय करते आहे, पसरायच्या तयारीत आहे की दबून बसली आहे, शरीराच्या पहारेकरी पेशी तिच्यात शिरल्यात की बाहेरच ताटकळल्यात, हे तिच्यातली प्रथिनंच सांगतात. काही प्रथिनं फार बोलकी असतात. एखाद्या गाठीला प्राणवायू अपुरा पडू लागला की तिच्या पेशी कोंडमाऱ्यात तग धरण्यासाठी ठरावीक प्रथिनं भराभर तयार करतात. अशी गुदमरून तगलेली गाठ महाचिवट. ती औषधाला दाद देत नाही आणि पुन्हा उगवते. प्रथिनपट गाठीच्या पातळ चकतीवर अशी कित्येक प्रथिनं एकाच वेळी मोजायचा आणि रुग्णाला शंभरापैकी गुण द्यायचा.

इथवर सगळं उत्तम होतं. संशोधन खरं होतं, ज्यांनी केलं ती माणसं प्रामाणिक होती. घोळ पुढे झाला. शस्त्रक्रियेनंतर द्यायचं नवं औषध महाग आणि तुटपुंजं. तेव्हा सरकारी योजनेने ठरवलं की ज्याला तिसापेक्षा कमी गुण, त्याला औषध द्यायचं नाही, कारण उपयोग नाही. त्याला 'विसावा' नावाच्या विभागात पाठवायचं. तिथे दुखणं कमी करायचं, मन रमवायचं, शांतपणे जाऊ द्यायचं. गुण राज्यभरातल्या डॉक्टरांना आपापल्या पडद्यावर दिसत, त्यामुळे खासगीतही कुणी अशा रुग्णाला हात लावीना. ह्यात कुणाचा हेतू वाईट नव्हता, असं सगळेच सांगत. वाईट हेतू असता तर निदान कुणाची तरी गचांडी धरता आली असती.

"काकू, सतरा," डॉ. सानिका देशिंगकर म्हणाली. प्रयोगशाळेची ती प्रमुख. वय जेमतेम तेहेतीस, आवाज मऊ. रुग्णांना गुण स्वतः सांगायचा तिचा नियम होता.

"शंभरापैकी?"

"हो."

उज्ज्वलाने ओढणी सारखी केली. "आमच्यात पस्तिसाला पास करतात. दोन-चार वरचे गुण द्यायची सोय आहे का तुमच्यात?"

सानिकाला हसावं की रडावं कळेना. तिने उज्ज्वलाचा हात धरला, आणि विसाव्याचा रस्ता दाखवायला एक बाई पुढे आली.

*

खरा संताप त्यानंतर सुरू झाला. बाई धडधाकट होती. टाके भरले होते, भूक लागत होती, जिना चढत होती. पण गावाने तिला मनातल्या मनात उचलून तिरडीवर ठेवलं होतं.

क्षितिजाचं लग्न वैशाखात होतं. ते तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या मुहूर्तावर ओढलं. "आईनं बघायला पाहिजे ना," असं सगळे दबक्या आवाजात म्हणत, आणि आई स्वयंपाकघरात उभी राहून ते ऐकत असे. मुख्याध्यापक शाल-श्रीफळ घेऊन घरी आले. "निवृत्तीला तीन वर्षं आहेत माझ्या," उज्ज्वला म्हणाली. "हो हो, ते आहेच," म्हणत त्यांनी शाल पांघरलीच. शेजारणी तिच्या आवडीचं करून आणू लागल्या. पुरणपोळी झाली, सांडग्यांची आमटी झाली, कटाची आमटी झाली. श्राद्धाच्या ताटात करतात तसं, एकेक आठवून. धाकटा दीर सतीश तर एकदा फोटो काढायला आला. "वहिनी, जरा हसा की, मोठा करून घ्यायचाय." कशासाठी मोठा करायचाय, हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा तो चपला न घालताच पळाला.

हे सगळं तिने सोसलं. पण प्रमोद भांडायचा थांबला.

तिने मुद्दाम पिठल्यात मीठ घातलं नाही. त्याने मुकाट खाल्लं. तिने त्याच्या पंपाच्या दुकानातल्या हिशेबाला नावं ठेवली. "तू म्हणशील तसं," म्हणाला. टीव्हीवर सामना चालू होता, एका गड्याला यंत्राने बाद दिला. "चूक आहे," उज्ज्वला म्हणाली, तो बाद होता हे तिला स्वच्छ दिसत असूनही. तो म्हणाला, "असेल चूक." मग टीव्ही बंद केला आणि खाली मान घालून म्हणाला, "उज्ज्वला, तो पाय बाहेरच होता. तू बरोबर दिलंवतंस."

सतरा हा आकडा ऐकून न मोडलेली बाई त्या एका वाक्याने मोडली. तीस वर्षांत जे त्याने देवापुढेही कबूल केलं नव्हतं, ते आज तो मरणाऱ्या बाईला दान म्हणून देत होता. ती परसात गेली, नळ सोडला आणि पोटभर रडली. रडून झाल्यावर तिला प्रचंड राग आला. राग कुणावर धरायचा ते मात्र कळेना.

*

विसाव्याची खोली कसली, लग्नघरच होतं. मंद बासरी, माशांची काचपेटी, झोपाळे. आणि त्या झोपाळ्यांवर, पायऱ्यांवर, सतरंज्यांवर माणसंच माणसं. प्रत्येक रुग्णाबरोबर पाच-सहा नातेवाईक. कुणी डबे उघडलेत, कुणी पाय चेपतंय, कुणाची आत्या कोपऱ्यात जप करते आहे. काचेच्या भिंतीपलीकडे उपचारांचं दालन होतं. तिथे औषधाच्या नळ्या लावून बसलेले लोक बहुतेक एकेकटे होते. कानात गाणी, हातात फोन. एखाद्याबरोबर पगारी सोबतीण.

उज्ज्वला दिवसभरासाठी यायची, तेव्हा तिच्या शेजारी विट्याचे सुनील कोष्टी बसत. यंत्रमागावर आयुष्य काढलेला माणूस, मागाच्या खडखडाटाची सवय, त्यामुळे ह्या मंद बासरीने बेचैन. त्यांचे गुण बावीस.

"माझी बहीण सोलापूरहून येणार होती," ते सांगत होते. "शिरगुप्पे डॉक्टर देवमाणूस. गाठ ट्रेमध्ये घालून भाईर घिऊन आले. म्हणाले, बघा, एवढी होती. मी आत गुंगीत. पण बायको म्हणली, डॉक्टर, थोरल्या वन्सं येऊ द्यात, त्यांनी बघितल्याबिगर त्यांच्या जिवाला चैन पडायची न्हाई. थांबले बिचारे. ट्रे बाकावर ठिवून दिला."

त्यावर उज्ज्वलाचा दीर सतीश, डबा घेऊन आलेला, उत्साहाने पुढे सरकला. "आमच्यातबी तसंच! वहिनीची गाठ मी स्वतः धरून बसलोवतो. आमचे तात्या रथाच्या गर्दीत अडकलेले. तासगावातनं गाडी हलंना. घरातला थोरला माणूस, त्यांनी बघायला नको? दीड-पावणेदोन तास ओला फडका टाकून ठेवली. तात्या आले, बघितली, हात जोडले, मगच आत पाठवली."

उज्ज्वलाला हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तिला त्यात विचित्रही काही वाटलं नाही. आपल्याकडे गाठ दाखवतातच. दाखवली नाही तर लोक म्हणतात, पोट नुसतं फाडलं आणि शिवलं. बघितल्यावर माणूस निश्चिंत होतो, की घरातली पीडा गेली, ती ही बघा, इथे पडली आहे.

पण तिची नजर काचेपलीकडे गेली. मग अलीकडे आली. मग पुन्हा पलीकडे. मैदानावर एकाच बाजूचे गडी सारखे बाद होऊ लागले की चांगला पंच आधी खेळाडूंकडे बघत नाही, मैदानाकडे बघतो, कुठे चढ आहे का, रेषा वाकडी आखली आहे का.

ती उठली आणि सरळ उपचारांच्या दालनात घुसली. पहिल्याच खुर्चीतल्या निवृत्त बँकवाल्याला तिने विचारलं, "तुमच्या ऑपरेशनला कोण होतं?"

"कोणी नाही. मुलगी कॅनडात आहे."

"मग गाठ कुणी बघितली?"

"कोण बघणार? मला तरी कुठं दाखवली!"

दुसरीचं तेच, तिसऱ्याचं तेच. चौथी बाई म्हणाली, बहीण होती पण तिला रक्त बघवत नाही. पाचव्यापर्यंत पोहोचायच्या आत सोबतिणींनी आरडाओरडा केला आणि तिला बाहेर काढलं. तिला त्याचं काही वाटलं नाही. बघायचं ते बघून झालं होतं.

*

"काकू, असं नसतं," सानिका समजुतीने म्हणाली. "एकटेपणाचा आणि गुणांचा काही संबंध नाही. आपण संख्येत असे आकृतिबंध शोधत बसलो तर—"

"आकृतिबंध राहू दे बाई. मला एवढंच सांग, ट्रेमध्ये दोन तास पडलेली गाठ आणि लगेच बाटलीत टाकलेली गाठ, तुझ्या यंत्राला सारखीच दिसते का?"

"ट्रेमध्ये? कुठल्या ट्रेमध्ये?"

उज्ज्वलाने सांगितलं. तात्या, रथ, ओला फडका, सगळं. सानिकाच्या चेहऱ्यावरची समजूत हळूहळू उतरत गेली. ती खुर्चीत बसली.

"गाठ पोटातून काढली म्हणजे मेली, असं नसतं," ती म्हणाली. उज्ज्वलाला सांगत होती की स्वतःला, कळत नव्हतं. "तिचा रक्तपुरवठा तुटतो फक्त. पेशी जिवंत असतात. प्राणवायू मिळत नाही म्हणून त्या तडफडतात, आणि कोंडमाऱ्याची प्रथिनं तयार करायला लागतात. बाटलीतल्या औषधात, फॉर्मालिनमध्ये, टाकलं की सगळं त्या क्षणाला गोठतं. पण तोपर्यंत…"

"तोपर्यंत तात्यांची वाट बघत बसलेली गाठ गुदमरते. आणि तुझं यंत्र म्हणतं, ही जन्माचीच गुदमरलेली. महाचिवट."

"यंत्राला शिकवलं ते परदेशी नमुन्यांवर. तिथं गाठ निघाली की मिनिटांत बाटलीत जाते. नातेवाईक शस्त्रक्रियेच्या मजल्यावर नसतातच. आमच्याकडं बाटलीतून नमुना येतो, तो बाटलीत कधी पडला हे…" ती थांबली. "विचारायचं मला सुचलंच नाही काकू. मी कोल्हापूरची आहे. माझ्या आजोबांची गाठ आम्ही सगळ्यांनी बघितली होती. मला सुचायला हवं होतं."

उज्ज्वलाला तिची दया आली नाही. नंतर आली, पण तेव्हा नाही. "म्हणजे ज्याला जास्त माणसं, तो बाद," ती म्हणाली. "ज्याच्यासाठी जास्त वाट बघितली, त्याला औषध नाही. शाब्बास! पुन्हा तपासा."

"काय तपासू? गाठ जशी गोठली तशीच राहणार. तडफड तिच्यातून पुसता येत नाही."

"दुर्बीण घालून काढलेले तुकडे? ते माझ्यादेखत बाटलीत टाकलेले. तिथं कुणाचे तात्या नव्हते."

सानिका ताडकन उठली. ते तुकडे मेणाच्या वड्यांत जपून ठेवलेले असतात, वर्षानुवर्षं. पण लगेच तिचा चेहरा पडला. "योजनेचा नियम आहे. एका रुग्णाची एकच पत्रिका. दुसरीसाठी समितीची परवानगी लागते."

"कधी बसते समिती?"

"पुढच्या महिन्यात."

दोन महिन्यांतले पाच आठवडे संपले होते. उज्ज्वला म्हणाली, "परवा बसेल."

*

समिती परवा बसली, कारण उज्ज्वलाने विसाव्यातले सगळे नातेवाईक उठवून प्रशासकीय इमारतीच्या जिन्यावर आणून बसवले. इतके दिवस ज्या गोतावळ्याने गुण खाल्ले, त्यानेच जिना अडवला. तात्याही आले होते, पंच्याऐंशीचे, काठी टेकत. त्यांना कुणीतरी सगळं समजावून सांगितलं होतं, आणि ते कुणाच्या नजरेला नजर देत नव्हते.

योजनेचे मुख्य अधिकारी राजाध्यक्ष शांत, सुसंस्कृत गृहस्थ होते. त्यांनी पडद्यावर आलेख दाखवला.

"आपल्या भावना मी समजू शकतो," ते म्हणाले. "पण प्रथिनपटाची अचूकता बघा. तिसाच्या खाली गुण मिळालेले जवळजवळ सर्व रुग्ण दोन वर्षांत दगावले. भाकीत खरं ठरलं आहे. यंत्र चुकत असतं, तर ही माणसं जगली नसती का?"

सानिकाने मान खाली घातली. उज्ज्वला उभी राहिली, आणि तिचा मैदानावरचा आवाज त्या वातानुकूलित खोलीत घुमला.

"साहेब, तुम्ही गड्याला बाद दिला. मैदानाबाहेर बाकावर बसवला. सामना संपल्यावर म्हणता, बघा, ह्यानं एकसुद्धा गुण काढला नाही, म्हणजे आमचा निर्णय बरोबर! अहो, खेळू दिलात का त्याला? औषध दिलं नाही म्हणून मेली ती माणसं, आणि मेली म्हणून तुमचं यंत्र खरं? हा आलेख आहे का श्राद्धाची यादी?"

राजाध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. "नमुने खराब झाले असतील, तर त्याला नातेवाइकांचं अज्ञान कारणीभूत आहे. आपण शस्त्रक्रियेच्या मजल्यावर नातेवाइकांना बंदी करू. अवयव दाखवण्यास सक्त मनाई, असा फलक—"

"म्या मारली का हो हिला?" मागून तात्या एकदम म्हणाले. "डाक्टर, म्या उशिरा आलो म्हणून…?"

उज्ज्वला गर्रकन वळली. "तात्या, गप बसा. तुम्ही रथातनं वाट काढत माझ्यासाठी आलाय. ज्यानं वाट बघितली त्याची चूक नाही आणि जो आला त्याचीबी नाही." मग पुन्हा राजाध्यक्षांकडे. "फलक लावणार? माणसं येऊच नयेत म्हणून? गाठ आधी काचेच्या बरणीत औषधात बुडवा आणि मग दाखवा की! तात्या येईपर्यंत नाही, त्यांचे पणतू येईपर्यंत दाखवा. एवढं साधं कुणाला सुचलं नाही, कारण आमच्यात काय चालतं ते तुमच्यातल्या कुणी यंत्राला सांगितलंच नाही. सांगायची लाज वाटली असेल."

तेव्हा डॉ. शिरगुप्पे पहिल्यांदा बोलले. इतका वेळ ते स्वतःच्या तळहातांकडे बघत बसले होते. "ट्रे माझ्या हातात होता," ते म्हणाले. "प्रत्येक वेळी. आजपासून ह्या सगळ्यांचे जुने तुकडे तपासले जाईपर्यंत मी एकही गाठ यंत्राकडं पाठवणार नाही. शस्त्रक्रिया करीन, पण पत्रिकेसाठी काही देणार नाही. काढा मला हवं तर."

"मीही कुठल्या पत्रिकेवर सही करणार नाही," सानिका म्हणाली.

राजाध्यक्ष भले गृहस्थ होते. त्यांनी परवानगी दिली आणि तिला 'विशेष बाब' असं नाव दिलं.

*

आठ दिवसांत नवे गुण आले. विसाव्यातले निम्म्याहून अधिक लोक काचेपलीकडे गेले. उज्ज्वलाचे सतराचे एकाहत्तर झाले. सानिकाने आकडा सांगितला तेव्हा उज्ज्वला म्हणाली, "प्रथम श्रेणी," आणि मग तिला बसायला खुर्ची लागली.

सुनील कोष्ट्यांचे मात्र बाविसाचे चोवीस झाले. त्यांची गाठ खरोखरच चिवट होती. यंत्र त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाही फारसं चुकलं नव्हतं. ते आपले उठले, पिशवी घेतली आणि पुन्हा झोपाळ्याकडे निघाले.

उज्ज्वलाने आपल्या नव्या जागेवर बसायच्या आधी सानिकाला गाठलं. "ह्यांना विचारलंस का?"

"काय विचारायचं काकू? औषधाचा उपयोग व्हायची शक्यता फारच कमी आहे, आणि त्रास खूप."

"हे त्यांना सांग. जसं मला सांगितलंस तसं, सगळं. आणि मग विचार. हरणाऱ्या संघालाबी मैदानात उतरवतात, न उतरवता हरला म्हणत नाहीत."

सानिकाने सांगितलं, अर्धा तास बसून, काही न लपवता. कोष्टी ऐकून घेत राहिले. बायकोकडे, बहिणीकडे बघितलं. मग म्हणाले, "ह्या बासरीनं माझं डोकं उठतंय. द्या औषध, बघू काय हुतंय ते." त्यासाठी पुन्हा जिना अडवावा लागला, पण ह्या वेळी लोकांना सवय झाली होती.

सानिकाने नंतर मेणाच्या जुन्या वड्याही काढल्या, विसाव्यात येऊन गेलेल्या, आता नसलेल्या माणसांच्या. राजाध्यक्षांनी नको म्हटलं होतं. त्यांतल्या कितींचे गुण तिसाच्या वर गेले, हे तिने उज्ज्वलाला एकटीला सांगितलं. उज्ज्वलाने तो आकडा कुणालाही सांगितला नाही. त्या माणसांच्या घरी मात्र ती एकेक करून गेली. कुठे तिला चहा मिळाला, कुठे शिव्या मिळाल्या. दोन्ही तिने घेतलं. योजनेकडून कुणी गेलं नाही. वार्षिक अहवालात 'नमुना-हाताळणीत सुधारणा' अशी एक ओळ आली, आणि ती ओळ लिहिणाऱ्याला बढती मिळाली म्हणतात.

क्षितिजाचं लग्न पुन्हा वैशाखावर गेलं.

पहिलं औषध चढवायच्या दिवशी प्रमोद बरोबर होता. खुर्चीशेजारी स्टूल घेऊन बसला. नळी लागली, थेंब पडू लागले. काचेपलीकडे शस्त्रक्रियेच्या मजल्यावरून कुणा घराण्याचे लोक झुंडीने उतरत होते. शिरगुप्प्यांनी बरणी उंच धरली होती आणि एक म्हातारी नाकाला पदर लावून वाकून वाकून बघत होती. उज्ज्वलाने डोळे मिटले. तोंडाला कडू चव येऊ लागली होती.

"गार वाटतंय?" प्रमोदने विचारलं.

"नाही."

"शाल घेतली नाहीस. मुख्याध्यापकांनी दिलेली."

"ती शाल मी भांडी बांधायला काढलीय."

"नवी कोरी शाल भांड्यांना? डोकं आहे का तुला?"

उज्ज्वलाने डोळे उघडले. तो तिच्याकडे बघत नव्हता. थेंबांकडे बघत होता, आणि त्याची हनुवटी जरा पुढे आली होती. तीस वर्षांपूर्वी एसटी स्टँडवर आली होती तशी.

"आणि आणखी एक," तो म्हणाला. "मध्यंतरी मी काहीतरी बोलून गेलो, ते सोडून दे. माझा पाय आतच होता."

"बाहेर होता!" उज्ज्वला इतक्या जोरात ओरडली की पलीकडच्या खुर्चीतले कोष्टी दचकून जागे झाले. "चांगला वीतभर बाहेर होता. मी बघितलाय!"

"काय बघितलास? तुझं लक्ष प्रेक्षकांत होतं."

"माझं लक्ष?" ती उठायला लागली, नळी ताणली गेली, परिचारिका धावत आली. उज्ज्वलाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हाताने हवेत रेष काढून नवऱ्याला दाखवत होती, ही रेष, हा तुझा पाय.